भाऊंचा कान

एका भल्या माणसाला मी भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, चोर म्हटलं. तेव्हा मी तरुण होते. म्हणजे छप्पन्न वर्षांची. नातवंडं म्हणतात, आजी, छप्पन्न म्हणजे तरुण नव्हे. त्यांना काय कळतंय! माणूस स्वतःला शहाणा समजतो तोवर तरुणच असतो, आणि त्या दुष्काळी वर्षात मी स्वतःला जेवढी शहाणी समजत होते तेवढी ना कधी आधी समजले, ना नंतर.

चोरी झालीच नव्हती. जी काय भानगड होती ती माझ्याच घरात, माझ्याच जुन्या साडीखाली झाकलेली होती. पण ती साडी उचलण्याआधी भाऊंची ओळख करून द्यायला हवी.

भाऊंचं जुन्या शहरात, एका बाजारगल्लीच्या तोंडाशी, स्पीकरचं दुकान होतं. दुकान कसलं, अर्धंच. शहर तेव्हा चहूबाजूंनी पसरायला लागलं होतं, रस्ते रुंद होत होते आणि त्यात भाऊंचं पुढचं अर्धं दुकान गेलं. उरलेल्या अर्ध्यात काउंटर, काउंटरमागं भाऊ, आणि काउंटरच्या अलीकडे थेट रस्ता. गिऱ्हाईक रस्त्यातच उभं राहायचं. मागून रिक्षा आली की पोट आत घ्यायचं. याचंही भाऊंना दुःख नव्हतं. म्हणायचे, "लई ब्येस झालं. आधी आवाज घुमायचा दुकानात. आता सुटला की सरळ रस्त्यावर. जाऊ द्या कुठं जायचं तिकडं."

उंच, वाळकी काठी. डोक्यावर पांढरी टोपी, पण ती नेहमी मागं सरकलेली, कारण कानावर काही आलेलं त्यांना खपायचं नाही. थंडीत मफलर बांधायचे तोही हनुवटीखालून डोक्यावर, दोन्ही कान मोकळे सोडून. नवखा माणूस विचारायचा, "दाढ दुखते का?" पिशोरकडच्या मेंढपाळ घरातले. वडलांनी मेंढरं सांभाळली, यांनी स्पीकर. दोन्हींची तुलना ते मनापासून करत आणि मेंढरांना झुकतं माप देत. "मेंढरू खोटं वरडत नाय, बाई. ह्या डब्यांचा भरवसा नाय."

आपल्या कानाचा मात्र त्यांना राजासारखा गर्व. रस्त्यानं टँकर गेला तर "मागलं डावं चाक बघून घे रे" असं ओरडायचे. एकदा एका रिक्षावाल्याला त्यांनी छातीठोक सांगितलं की तुझा सायलेन्सर फाटलाय. त्या बिचाऱ्यानं सायलेन्सर बदलला. आवाज चालूच. शेवटी सीटखाली जेवणाचा रिकामा डबा सापडला. ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना पाठ होती, पण भाऊंपुढं कुणी काढायचं नाही. भाऊ म्हणत, "डबा वाजत असंल. पर सायलेन्सर बी फाटायलाच आला व्हता."

दुकानातल्या प्रत्येक स्पीकरवरच्या कंपनीच्या नावावर त्यांनी चिकटपट्टी लावलेली असायची. नाव विचारलं की म्हणत, "नाव वाचलं की कान झोपतो. आधी ऐका." आणि ऐकून झाल्यावर, गिऱ्हाइकानं पाकिटाला हात घातल्यावर, म्हणत, "आज द्यायचा नाय."

मला हा अनुभव पहिल्याच भेटीत आला.

त्याचं असं झालं, शाळेतून मुदतीआधीच निवृत्ती घेतल्यावर मला एकाएकी आपला आवाज फार छान असल्याचा शोध लागला. अंध मुलींच्या एका वसतिगृहासाठी मी घरीच गोष्टी वाचून रेकॉर्ड करायला लागले. मुलगा नोकरीला जाताना कॉम्प्युटर मागे टाकून गेला होता, माइक मी घेतला, आणि ऐकायला घरातलेच मोठे, धडधडणारे स्पीकर. त्यांच्यावर माझा आवाज असा काही भारदस्त यायचा की मी स्वतःच दोनदा ऐकायचे. वसतिगृहात साध्या मोबाइलवर तोच आवाज लावला की पुटपुट. कुणीतरी सांगितलं, गाणं ऐकायचा स्पीकर वेगळा आणि काम करायचा वेगळा. कामाच्याला मॉनिटर म्हणतात. मला लगेच पटलं. जन्मभर वर्गातले मॉनिटर पाहिलेले. कोण बोललं, कुणी दंगा केला, सगळं जसंच्या तसं सांगणारी ती जात. तर भाऊंपुढं जाऊन उभी राहिले.

"भाऊ, मॉनिटर स्पीकर द्या. स्वस्तातले."

"खोली केवढी?"

"स्पीकर मागतेय मी. खोली नाही मागत."

"खोली केवढी, बाई?"

"दहा बाय दहा."

"खिडक्या किती? पलंग हाय? गादी कापसाची का फोमची?"

"भाऊ, माझं लग्न जमवताय का?"

ते हसले नाहीत. "उद्या येतो घरला. आज द्यायचा नाय."

आणि खरंच आले, उस्मानपुऱ्यात, आमच्या पहिल्या मजल्यावर. चहा नको, पाणी नको. खोलीच्या मधोमध उभे राहून त्यांनी टाळी वाजवली. मग एकेका कोपऱ्यात जाऊन वाजवली. समोरच्या वहिनी आरती आहे समजून डोक्यावर पदर घेऊन आल्या. भाऊंनी त्यांना थांबवून घेतलं आणि त्यांच्याकडूनही एक टाळी वाजवून घेतली. मग आमच्या ह्यांना हाताशी धरून कपाट सरकवलं, मागच्या भिंतीवर दोन गोधड्या टांगायला लावल्या. आमचे हे निवृत्त कारकून, उगीच वाद न घालणारे. त्यांनी मुकाट्यानं खिळे ठोकले.

"आता ऐका," भाऊ म्हणाले. "खोली ल्हान. हितं मोठा डबा आणाल तर घरात उंट बांधल्यावानी व्हईल. पाच इंची बास. भिंतीला चिकटवायचा नाय, फुगतो. आन् डब्यात वर बारीक आवाजाची बारकी शिट्टी असती न्हवं, ती कानाच्या उंचीला. दोन डबे आन् तुमचं डोकं, चुलीचे तीन दगड असतेत तसे. एक दगड सरकला की भांडं कलंडलं."

इतकं सोपं मला कुणी सांगितलं नव्हतं. बी.एड.ला असताना तर नाहीच.

"आन् गोड वाजणारा मागू नका. लग्नातला आचारी लई तेल घालतो, समदं ग्वाड लागतं. कामाला घरचं वरण पायजे. मीठ कमी पडलं तर कळलं पायजे." मग दारात थांबून म्हणाले, "खाली ठेवायला दोन भक्कम टेबलं हायेत का? जड पायजेत. हलली नाय पायजेत."

"आहेत," मी म्हणाले.

नव्हती. पण माझ्या डोक्यात एक कल्पना चमकली होती.

त्या वर्षी नळाला पाणी कधी यायचं ते नळालाच माहीत. आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरायचं; चमचे तेवढे राहायचे. शेंद्र्याकडच्या कारखान्यांतून रिकामी झालेली ती मोठी निळी प्लास्टिकची पिंपं शहरात दारोदार विकायला यायची. आमच्याकडे अशी अनेक होती, आणि त्यांतली दोन या खोलीत. खाली तोटी, वर झाकण, झाकणाला नळी घालण्यापुरतं भोक. मी खुर्चीवर बसून पाहिलं. त्यावर स्पीकर ठेवला तर शिट्टी नेमकी कानाशी. आणि भरलेल्या पिंपापेक्षा जड टेबल कुठल्या सुतारानं केलंय? मला माझ्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की मी ह्यांना बोलावून दाखवलं. हे म्हणाले, "छान." ते सगळ्यालाच छान म्हणतात.

स्टुडिओत पिंपं बरी दिसत नाहीत म्हणून मी दोन्हींना, झाकणंही झाकतील असा, माझ्या जुन्या वांगी रंगाच्या साडीचा घेर लावला, जमिनीपर्यंत, चुण्या पाडून. भाऊ स्पीकर घेऊन आले, त्यांनी घेरावरूनच खालचं टेबल ढकलून पाहिलं. हललं नाही.

"भारी हाय. काय हाय खाली?"

"टेबलं," मी म्हणाले. मुलांनो, खरं बोला, असं जन्मभर सांगणारी बाई.

त्यांनी स्पीकर जोडले. मग आमच्या ह्यांना माइकपुढं बसवून वर्तमानपत्र वाचायला लावलं आणि ते रेकॉर्डिंग मला ऐकवलं.

"हा तुमचाच मालक हाय न्हवं?"

"हो."

"मंग झालं."

"जरा बरा नाही का येणार?"

"त्याला दुसरं दुकान बघा," भाऊ म्हणाले आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

सुरुवातीला सगळं झकास. मग काही दिवसांनी आवाज घुमायला लागला. रांजणात तोंड घालून बोलावं तसा. मी कॉम्प्युटरवर तो खालचा, जाडा आवाज कापायची, मग बरं वाटायचं. पुन्हा काही दिवसांनी आपोआप ठीक. पुन्हा घुमणं. एक दिवस वसतिगृहाच्या ताईंचा फोन आला, हसत होत्या. "बाई, मुली विचारतात, तुमच्याबरोबर त्या दुसऱ्या किरट्या आवाजाच्या बाई कोण वाचतात? मुलींना त्याच जास्त आवडतात." घुमतंय म्हणून मी माझाच आवाज कापून कापून किरटा करत होते. स्वतःपेक्षा त्या किरट्या बाई लोकप्रिय झाल्याचा राग मला स्पीकरवर आला.

रिक्षात घालून दुकानात नेले. भाऊंनी वाजवून पाहिले, मान हलवली, "काय बी नाय," म्हणाले, आणि तरी न भांडता दुसरी जोडी दिली. त्या जोडीनंही आधी शहाण्यासारखं वागून मग घुमायला सुरुवात केली. मग मात्र मी पदर खोचला.

दुकानात त्या दिवशी पिशोरहून आलेलं एक भजनी मंडळ उभं होतं, तिघं जण. त्यांतल्या एकाला मी चौथीत शिकवलेलं. मला पाहताच त्यानं चपला काढल्या. रस्त्यात.

भाऊंनी स्पीकर लावले. माझीच गोष्ट वाजायला लागली.

"घुमतंय की नाही?" मी विचारलं. वर्गात विचारायचे त्याच आवाजात, ज्याचं उत्तर एकच असतं.

माझा विद्यार्थी हात बांधून उभा राहिला. "व्हय बाई. घुमतंय."

बाकीच्या दोघांनी त्याच्याकडं पाहिलं. एक म्हणाला, "लई नाय, पर घुमतंय." दुसरा म्हणाला, "बाई म्हणतात म्हंजी घुमत असंल."

भाऊ वाकले. आधी एक कान लावला, मग दुसरा. "मला येत नाय," ते हळूच म्हणाले.

"येत नाही, का येऊ द्यायचं नाही? दुकानात एक वाजवून दाखवता आणि घरी दुसरं देता. याला चोरी म्हणतात, भाऊ."

रस्त्यावरचे दोघं-चौघं थांबले. मला वाटलं, भाऊ आता उसळतील. कंपन्यांची नावं झाकणारा, गिऱ्हाइकाला हाकलणारा माणूस. पण त्यांनी करंगळी कानात घालून हलवली, टोपी काढून काउंटरवर ठेवली आणि माझ्या विद्यार्थ्याला पुन्हा विचारलं, "आत्ता बी घुमतंय?"

"व्हय काका."

"आन् आत्ता?" त्यांनी आवाज कमी केला होता.

"थोडं थोडं."

भाऊंनी स्पीकर बंद केला. "दुसरं काय तरी बघतो मी. तवर हेच ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं." भजनी मंडळ पुढच्या दुकानात गेलं. मी विजयी मुद्रेनं घरी आले आणि वाटेत रिक्षावाल्यालाही सगळी हकिगत सांगितली.

तुम्ही विचाराल, त्या दिवशी दुकानात तुला खरंच घुमणं ऐकू आलं का? तर आलं. शपथेवर सांगते. मी खोटं बोलत नव्हते, तेच तर वाईट. मी घरून ऐकून निघाले होते आणि दुकानात तेच ऐकलं. इतकी वर्षं मी मुलांना नीट ऐका, नीट ऐका म्हणत होते; स्वतः मात्र वर्गात शिरण्याआधीच उत्तर ठरवून शिरत होते. आणि समोर हात बांधून "व्हय बाई" म्हणणारं कुणीतरी मला नेहमीच मिळत गेलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी नळ खळखळला. मी खोलीत दोष शोधायला म्हणून तीच गोष्ट पुन्हा पुन्हा लावून बसले होते. हे नळी घेऊन आले, डावीकडच्या साडीच्या घेराची कड सारून झाकणाच्या भोकात नळी सोडली. मी चिडून म्हणणार होते की कामात व्यत्यय आणू नका. पण डावीकडून येणारा माझा आवाज बारीक व्हायला लागला. बारीक नाही, माझा व्हायला लागला. पाणी वर चढत होतं आणि घुमणं खाली बसत होतं. उजवीकडे मात्र अजून रांजणातली बाई बोलत होती.

"नळी काढा," मी म्हणाले.

"पाणी जाईल!"

"काढा आणि उजवीकडे घाला."

उजवीकडची बाईही हळूहळू रांजणातून बाहेर आली. मी साडीचा घेर उचलला. आम्ही आधी मोरीतल्या पिंपांतलं पाणी वापरत असू, मग स्वयंपाकघरातलं, आणि सगळ्यात शेवटी या दोघांतलं. भरलेलं पिंप गप्प बसे, रिकामं पिंप माझ्या सुरात सूर मिसळे. मी स्पीकर टेबलावर ठेवलेच नव्हते, ढोलावर ठेवले होते.

तशीच दुकानात गेले. शटर बंद. शेजारचा शिंपी मशीन न थांबवता म्हणाला, "भाऊ येईनात आता. कानाच्या डाक्टरकडं जायलेत म्हणं. ज्याला त्याला इचारायचे, हे ऐकू येतंय का, ते ऐकू येतंय का. दुकान काढून टाकायचं चाललंय."

भाऊंचं घर शेंद्र्याच्या रस्त्याला, नव्या वसाहतीत. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. भाऊ आत खुर्चीत बसलेले, भर उन्हाळ्यात मफलर बांधून, आणि दोन्ही कान झाकलेले. मला ते पाहवलं नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, पिंपं, साडी, तोटी, माझं खोटं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "समजूत घालायलात, बाई. घाला. पर त्या दिवशी चौघांना ऐकू आलं, मला आलं नाय."

"भाऊ, ते तिघं मला घाबरले होते. आणि मी माझ्या डोक्यातलं ऐकत होते."

"आसं म्हणायचं असतंय," ते म्हणाले. "चांगल्या माणसानं."

त्यांची बायको एकदम म्हणाली, "उठा. जाऊन बघा. घरात बसून कान उगवणार हाय का?"

भाऊ आले. पण पिंपं तर काठोकाठ भरलेली, आणि आवाज स्वच्छ. पटवायचं तर एक पिंप रिकामं करावं लागणार. त्या वर्षी! पुढचं पाणी केव्हा, कुणास ठाऊक. आमचे हे जन्मात पहिल्यांदा "छान" म्हणाले नाहीत. "डोकं फिरलंय का तुझं?" म्हणाले. मी जिन्यात जाऊन सगळ्या बिऱ्हाडांना हाक मारली: भांडी आणा. हंडे आले, बादल्या आल्या, कुकर आले, समोरच्या वहिनी तर पुरणाचं पातेलं घेऊन आल्या. खोलीपासून जिन्यापर्यंत रांग लागली. मी गोष्ट लावली आणि हे नाराज चेहऱ्यानं तोटीशी बसले.

भाऊ खुर्चीत. मफलर सोडलेला, मांडीवर. पहिल्या काही बादल्या गेल्या. त्यांचा चेहरा तसाच. आणखी काही भांडी भरली. ते डोळे मिटून बसले होते आणि मला वाटलं, कोण जाणे, खरंच गेला असेल यांचा कान. मग मी काय करू?

तेवढ्यात त्यांनी एक बोट वर केलं. "आलं," म्हणाले. अगदी हळू. "डाव्या अंगानं. येऊ द्या आणखी."

रांग पुढं सरकत होती, तोटी वाहत होती आणि माझा आवाज फुगत, घुमत, भरत चालला होता. भाऊंच्या ओठांवर हसू पसरत गेलं. "आता वाढलं. आता जास्ती. बाई, लई घाण वाजायलंय हो!" असं म्हणून ते लहान मुलासारखे हसले. बादल्या धरून उभी असलेली मंडळीही, काय चाललंय ते न कळता, हसायला लागली. मग भाऊ उठले, त्यांनी स्वतः साडीचा घेर वर केला, रिकाम्या पिंपावर बोटानं टकटक केलं.

"हे टेबल व्हय?"

मी मान खाली घातली. त्यांनी दोन्ही स्पीकर उचलून पलंगावर ठेवले, विटा आणून रचायला सांगितल्या, वर दुमडलेलं पोतं. दुकान उद्या उघडतो म्हणाले. मी जिन्यापर्यंत सोडायला गेले. तिथं रांगेतली माणसं अजून होती, म्हणून मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "भाऊ, मी तुम्हाला सगळ्यांदेखत चोर म्हणाले. चुकलं माझं. तसंच सगळ्यांदेखत सांगते."

ते दोन पायऱ्या उतरले होते. मागं वळले, टोपी आणखी मागं सरकवली आणि म्हणाले:

"चोर म्हनल्याचं काय नाय हो, बाई. चोराला निदान ऐकू येतं. मी तर इतके दिस चहाचं आधण उकळायलंय का, ते बी बायकोला इचारायलो व्हतो."